सन्मतीचा वाटाड्या

"किती जणांना गुण येतो याचा?" मी विचारलं.

डॉक्टर पेंढारकरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. माझ्या शेजारच्या खुर्चीत माझा धाकटा भाऊ सन्मती रिपोर्टांची पिशवी मांडीवर घेऊन बसला होता. बोलणं त्याच्याबद्दल चाललं होतं, पण तो भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होता.

"फार थोड्यांना, मॅडम," डॉक्टर म्हणाले. "आणि ज्यांना येतो, त्यांनाही काही महिन्यांचाच. पहिलं औषध लागू पडलं नाही. हे दुसरं त्याहून जहाल आहे. तोंड येतं, रक्तातल्या पेशी उतरतात, ताप येतो. दुसरा रस्ता असा, की यातलं काहीच करायचं नाही. दुखणं थांबवायच्या गोळ्या देतो, घरी न्या. महिना-दीड महिना हिंडतील फिरतील, घरचं खातील. पुढचं पुढं."

"म्हणजे हात वर करायचे."

"तसं नाही म्हणालो मी."

"अर्थ तोच होतो."

"अक्का," सन्मती हळूच म्हणाला, "त्यांचं ऐकून तरी घे की."

"तू गप्प बस," मी म्हणाले, आणि तो गप्प बसला.

आमच्यात हे असंच चालायचं. वडील गेले तेव्हा सन्मती तिसरीत होता आणि मी बी.एस्सी.ला. तेव्हापासून आमच्या घरातला कर्ता पुरुष मी. त्रिशला मगदूम म्हटलं की नांद्र्यात आमच्या गल्लीतली कुत्रीसुद्धा वाट सोडतात, असं सन्मती मित्रांना सांगायचा. मी सांगलीत कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत होते, आई गावी नांद्र्याला होती, आणि सन्मती विद्यापीठात कॉम्प्युटरमध्ये पीएच.डी. करत होता. त्याची शाळा मी ठरवली, कॉलेज मी ठरवलं, शर्टाचे रंगसुद्धा मीच ठरवायची. त्याला झालेला कर्करोग तेवढा मला न विचारता आला. मूत्रपिंडावर टोपीसारखी एक लहानशी ग्रंथी असते, तिचा. लाखात एकालाही होत नाही म्हणतात. "रोगसुद्धा निवडून घेतलास बाबा, चारचौघांसारखा नको," असं मी त्याला पहिल्या दिवशी म्हणाले होते, आणि मग मिरजेच्या त्या हॉस्पिटलच्या बाथरूममध्ये जाऊन पोटभर रडले होते. आईला आम्ही यातलं काही कळवलं नव्हतं. किडनीत खडा आहे, मोठा आहे, काढायला वेळ लागेल, एवढंच मी तिला सांगितलं होतं. तिचं काळीज आधीच नाजूक. ती इथं येऊन उंबऱ्यावर डोकं आपटत बसली असती तर मी कुणाकुणाला सांभाळणार होते?

डॉक्टरांनी आठवडाभराची मुदत दिली. "विचार करा, वाचा, मग सांगा," असं म्हणाले. हे वाचा म्हणाले तेच माझ्या कामाचं होतं. रडणं, देवाला साकडं घालणं, लोकांचे गंडेदोरे आणणं, यातलं काही मला येत नाही. वाचायला येतं.

हॉस्पिटलातल्या आमच्या वरच्या खोलीत गेल्यावर मी सन्मतीला म्हणाले, "तुझा तो वाटाड्या काढ."

वाटाड्या म्हणजे त्याच्या पीएच.डी.चं काम. संशोधन करणाऱ्या पोरांचा अर्धा जन्म योग्य पेपर शोधण्यात जातो. जगात रोज हजारो पेपर छापले जातात, त्यातला आपल्या कामाचा कुठला हे कळेपर्यंत डोळे फुटतात. तर सन्मतीनं असं एक यंत्र बांधलं होतं, की ते रोज सकाळी तुमच्यापुढं निवडक पेपर आणून ठेवायचं. प्रत्येक पेपराखाली दोन बटणं. एक 'हवा', एक 'नको'. हवा दाबलं की तसले आणखी यायचे. नको दाबलं की तो पेपर तिथल्या तिथं पुसला जायचा, आणि त्याच्या जातकुळीतले बाकीचेही हळूहळू येईनासे व्हायचे. असं करता करता वाटाड्या तुमची आवड ओळखायला लागायचा. विद्यापीठातली शेदीडशे पोरं ते वापरत होती आणि सन्मतीला दुवा देत होती.

"तुला खातं नाही मिळणार," तो म्हणाला. "नाव नोंदलेल्या संशोधकांनाच मिळतं."

"मग तुझं दे."

"माझ्यात काय बघणार? सगळे कॉम्प्युटरचे पेपर."

"ते काढून टाक. आता तुझा विषय हा."

तो हसला. "घे. वाटाड्याला गिऱ्हाईक तापटच मिळालं." त्यानं माझ्या मोबाईलवर त्याचं खातं सुरू करून दिलं, रोगाचं नाव घातलं, दोनतीन शब्द घातले. "सकाळी येतील. अंघोळ-बिंघोळ करून बस. उपाशीपोटी वाचू नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खिचडीचा डबा बाजूला सारून वाचायला बसले. वाईट नव्हते पेपर. एका देशात एवढ्या जणांना दिलं, काहींची गाठ आकसली. दुसरीकडे एक बाई दोन वर्षं जगली, नोकरीवर गेली. मी हवा, हवा दाबत गेले. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून तर वाटाड्या असले पेपर आणायला लागला, की मी एकेक दोनदोनदा वाचायची. मी वहीत काही उतरून घेत नव्हते, सगळं डोक्यात जात होतं, आणि सन्मतीला मोठमोठ्यानं वाचून दाखवत होते.

"ऐक की, हा इटलीतला बघ. तुझ्याच वयाचा."

"हं."

"नुसतं हं काय? गाठ निम्मी झालीय."

"चांगलं आहे की, अक्का."

"तू का नाही वाचत? तुझंच यंत्र, तुझाच रोग."

"डोळे दुखतात," तो म्हणाला. "तू आहेस की वाचायला."

आठवडा संपल्यावर मी डॉक्टरांसमोर बसले आणि एका दमात सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "हे सगळे खरे पेपर आहेत. मलाही माहीत आहेत. पण दुसऱ्या बाजूचे? उपयोग झाला नाही असं म्हणणारे? तेच जास्त आहेत."

"मला एकही दिसला नाही."

"एकही?"

"आठवडाभर सकाळ-संध्याकाळ वाचतेय मी, डॉक्टर. शेकडो बघितले. असते तर एखादा तरी आला असता की नाही?"

खरंतर मी बाहेरही एकदा शोधून बघितलं होतं. तिथं प्रत्येक पेपराला कुलूप, आणि उघडायला डॉलर मागत होते. विद्यापीठाच्या वर्गणीतून फुकट मिळायचे ते वाटाड्यातून. आणि वाटाड्या माझ्या भावानं बांधलेला. त्याच्यावर विश्वास नाही ठेवायचा तर कुणावर? डॉक्टरांना हल्ली वाचायला सवड होत नसेल, असं मी मनात धरलं. माणूस भला होता, पण मिरजेत बसून जग कळत नाही, असंसुद्धा माझ्या मनात आलं. मी स्वतः सांगलीत बसलेय, हे मात्र आलं नाही.

डॉक्टर सन्मतीकडे वळले. "तुम्हाला काय वाटतं? निर्णय तुमचा आहे."

सन्मतीनं माझ्याकडे बघितलं. "अक्का म्हणेल तसं."

"करू या," मी म्हणाले.

औषध सलाइनमधून गेलं. चार दिवस बरे गेले, मग त्याचं तोंड आलं. ओठांपासून घशापर्यंत नुसती जखम. भाताची पेज पाजायची तरी त्याच्या डोळ्यांतून पाणी यायचं. केस गेले, त्याचं त्याला काही नव्हतं. "आता कंगवा पण तुला ठरवायला नको," म्हणाला. बाथरूमपर्यंत जाऊन येताना त्याला भिंत धरावी लागायची. मी त्याचा हात धरून चालवायचे आणि चालवता चालवता सकाळचा पेपर सांगायचे. जपानमध्ये असं झालं. फ्रान्समध्ये तसं झालं. पहिल्या डोसाला त्रास झाला म्हणजे औषध काम करतंय, असंही एका पेपरात होतं, ते मी त्याला दोनदा सांगितलं. तो मान हलवायचा. बोलणं आता कमीच झालं होतं.

दुसऱ्या डोसाच्या आदल्या दिवशी सकाळी हॉस्पिटलात गरम पाणी आलं नाही. मी रोज अंघोळ करून मग वाटाड्या उघडायची. त्या दिवशी म्हटलं, पाणी येईल तेव्हा येईल. सन्मतीचं रक्त तपासायला खाली दिलं आणि तिथल्याच बाकावर बसून मोबाईल उघडला.

वरून तिसरा पेपर. मोठं थोरलं इंग्रजी नाव होतं. त्याचा अर्थ असा, की या दुसऱ्या उपचारानं आयुष्य वाढत नाही, शेवटचे दिवस तेवढे हालाचे होतात. इतक्या दिवसांत असलं काही पहिल्यांदाच समोर आलं होतं. उघडावा म्हणून मी बोट नेलं.

पेपर पुसला गेला.

मी बटणाला हात लावला नव्हता. वाटलं, मोबाईल बिघडला. तेवढ्यात त्याच्या खालचा आणखी एक गेला. त्याचं नाव पुरतं वाचूनही झालं नव्हतं, 'निष्फळ' अशा अर्थाचा एक शब्द तेवढा दिसला. बाकीचे सगळे जागच्या जागी. इटली, जपान, सगळी गोड गोड मंडळी.

यंत्र बिघडलं तर असं निवडून बिघडत नाही. एवढं मला कळत होतं. आणि त्या खात्यात माणसं दोनच होती.

मी जिना चढून वर गेले. सन्मती उशीला टेकून बसला होता. पोटावर दुसरी उशी, तिच्यावर लॅपटॉप. मला बघून त्यानं झाकण मिटलं, पण घाईनं नाही.

"आज लवकर उघडलंस," तो म्हणाला. शब्द फुटायला त्याला वेळ लागत होता.

"काय करत होतास?"

"पाणी आलं नाही वाटतं."

"सन्मती, मी काय विचारतेय?"

"नको दाबत होतो."

मी खुर्चीवर बसले. "कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. तू अंघोळीला गेलीस की. पहिल्या दिवशी पुष्कळ होते, पटापट दाबावे लागले. मग वाटाड्याला कळलं आपल्याला काय नको ते. नंतर रोज एखाददुसराच चुकून यायचा."

"तू वाचलेस ते?"

"निष्कर्ष सगळ्यांचे वाचले. मगच दाबले." त्यानं पाण्याचा घोट घेतला, गिळताना डोळे मिटले. "डॉक्टर बरोबर सांगत होते, अक्का. पहिल्या दिवशीच कळलं होतं मला."

मला त्याला मारावंसं वाटलं. खरं सांगते. तोंडभर जखमा झालेल्या, डोक्यावर एक केस नसलेल्या त्या पोराच्या मुस्काटात द्यावीशी वाटली. "मग हो का म्हणालास? हे सगळं अंगावर का घेतलंस? माझ्या तोंडावर सांगायचं होतंस, की अक्का, हे खोटं आहे, मला नको."

"तू वाचलं असतंस ते?"

"का नाही?"

"वाचून काय केलं असतंस?"

मी त्याच्या हातातला पाण्याचा पेला घेऊन खाली ठेवला.

"घरी नेलं असतंस," तो म्हणाला. "आणि मग महिनाभर नुसतं बघत बसावं लागलं असतं तुला. काही करायला नाही, कुणाशी भांडायला नाही. तुला जमलं नसतं ते. तू वेडी झाली असतीस. त्या दिवशी डॉक्टरांसमोर करू या म्हणालीस ना, तेव्हा कित्येक दिवसांनी तुझा आवाज आपल्या घरी असतो तसा वाटला. म्हटलं, असू दे. एवढं आपण सोसू."

"माझ्यासाठी?"

"मग कुणासाठी? तू केलंस ते कुणासाठी केलंस?"

मी उठून त्याच्या पलंगावर बसले. आयुष्यात कधी न विचारलेला प्रश्न मी त्या दिवशी त्याला विचारला. "तुला काय पाहिजे, सन्मती?"

"नांद्र्याला जायचं होतं," तो म्हणाला. "आईकडं."

मी तशीच डॉक्टरांकडे गेले. दुसरा डोस नको म्हणाले. का, कसं, काही सांगितलं नाही, आणि त्या भल्या माणसानं विचारलंही नाही. "रक्ताचा रिपोर्ट बघतो आणि उद्या सकाळी सोडतो," म्हणाले. मी सगळं सामान बांधलं. गाडी सांगितली. सन्मती म्हणाला, मळ्याच्या बाजूनं घे गाडी, ऊस बघत जाऊ. मी म्हणाले, बरं. त्यानं सांगावं आणि मी बरं म्हणावं, याचं त्याला हसू येत होतं, पण हसताना ओठ फाटायचे म्हणून तो हात आडवा धरायचा.

रक्ताच्या पेशी तळाला गेल्या होत्या. संध्याकाळी ताप चढला आणि उतरेचना. सकाळी दारात गाडी आली ती मी परत पाठवली. डॉक्टर म्हणाले, "आता हलवता येणार नाही. वाटेतच काही होईल." मी विचारलं, औषध दिलं नसतं तर? ते म्हणाले, "आता तो हिशेब करू नका."

आईला फोन केला. खडा नव्हता, असं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "येतो मी." आमच्याकडच्या बायका असंच बोलतात, येतो, जातो. ती आली. तिनं मला काही विचारलं नाही. काय झालंय, कधी झालं, मला का नाही सांगितलं, काहीही नाही. पिशवी कोपऱ्यात ठेवून सन्मतीच्या उशाशी बसली आणि त्याच्या कपाळावर हात ठेवला. मला वाटलं, धक्क्यानं गोठली असेल. सन्मतीनं डोळे उघडले, तिला बघितलं, आणि परत मिटले. तिसऱ्या दिवशी दुपारी तो गेला. नांद्र्याला नेला तो ॲम्ब्युलन्सनं, ऊस बघायला तो नव्हता.

सुतकाचे दिवस. शेजारच्या पाटलांच्याकडून भाकऱ्या यायच्या. माणसं येऊन बसून जायची. एका संध्याकाळी आम्ही दोघीच बाहेरच्या सोप्यात बसलो होतो. आई भिंतीला टेकलेली, मी तिच्यासमोर. कधीतरी तिला काहीतरी सांगावं लागणारच होतं. किती दिवस मी ते शब्द जुळवत होते.

"आई," मी म्हणाले, "त्याला कळलंच नाही बघ शेवटपर्यंत. बरा होणार म्हणूनच होता तो. त्यातल्या त्यात तेवढं बरं झालं."

आईनं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. मी लहानपणी पडून आले की बघायची तसं.

"त्रिशला, डॉक्टरनी मुदत दिलती त्याच आठवड्यात त्यानं मला फोन केलता," ती म्हणाली. "सगळं सांगितलं. आई, मी राहत नाही म्हणाला. तुझ्याकडं यायचंय, पण अक्काला थोडं दिवस दे म्हणाला. ती लई आशेत हाय. तू आलीस की तिला कळंल, म्हणून तू येऊ नको. रडायचं तर तिथंच रडून घे म्हणाला. मग मी हितंच रडून घेतलं."

तिनं भाकऱ्यांवरचं फडकं सारखं केलं.

"न्हाई राहवलं म्हणून दोनदा आलतो मिरजेला. ह्ये दुसरं औषध सुरू व्हायच्या आधी. वर न्हाई आलो. समोरच्या औषधांच्या दुकानाच्या पायरीवर उभा राहिलो आणि त्याला फोन केला. त्यो खिडकीत आला. तवा चांगला उभा राहत हुता. हात केला त्यानं मला, हसला पण. मी डोळं भरून बघून घेतलं त्याला."

"मी कुठं होते?" मी विचारलं.

"तू मागंच हुतीस की त्याच्या, खुर्चीवर. मला दिसत हुतीस." आईनं पदरानं तोंड पुसलं. "मोबाईलात वाचत बसलीवतीस. मान वर केली न्हाईस."